बुडातली कॉइल की बदलता येणारी

आमच्या घरात बिअरवरून कधी भांडण झालं नाही. बिअर उकळायच्या भांड्यावरून मात्र सव्वा महिना चाललं, आणि तेही अशा तावातावाने की शेजाऱ्यांना मराठी येत असतं तर त्यांना वाटलं असतं, हे दोघं आता वेगळे होणार. मुद्दा एवढाच होता की नव्या केटलमधली पाणी तापवायची कॉइल बुडात कायमची बसवलेली असावी, की नट खोलून काढता-घालता येणारी असावी. मी पहिल्या पक्षात, नवरा दुसऱ्या. मुळात आम्ही कशावरून भांडतोय हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तेवढं एक सोडून आम्ही बाकी सगळं बोलत होतो.

ब्रिस्टलच्या आमच्या घराला गॅरेज आहे, पण त्यात गाडी कधी उभी राहिली नाही. आधी तिथे पुण्या-नागपूरहून आलेली आणि कधीच न उघडलेली खोकी होती. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याने ती खोकी एका भिंतीला सरकवली आणि घरी बिअर करायला सुरुवात केली. दर तिसऱ्या शनिवारी सकाळी तो तिकडे जायचा तो दुपारी चारलाच घरात यायचा. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवायचे, ते गोड पाणी गाळून घ्यायचं, केटलमध्ये म्हणजे एका मोठ्या विजेच्या स्टीलच्या भांड्यात तासभर रटरट उकळायचं, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकायची, मग थंड करून यीस्ट घालून ठेवून द्यायचं. मी स्वतः बिअर पीत नाही. पहिल्या दिवशी मला तो वास बिघडलेल्या आंबोळीच्या पिठासारखा वाटला होता आणि मी तसं बोललेही होते. त्याने मनाला लावून घेतलं नाही. गॅरेजमध्ये मला बंदी नव्हती. पण मी जिथे जाते तिथे चुका काढते हे तो पंचवीस वर्षं बघत आलाय, त्यामुळे आमंत्रणही नव्हतं.

चुका काढणं हा माझा पोटाचा धंदा आहे. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दिवसभर भोकं, कडा आणि जाडी मोजायची आणि जे मापात नाही त्याला लाल लेबल लावून बाजूला ठेवायचं. माझ्या हाताखालून चुकीचा पार्ट पुढे गेलाय असं आजवर झालेलं नाही. घरी आल्यावर हा स्वभाव कोटासारखा खुंटीला टांगता येत नाही, त्याला मी काय करू?

दीड वर्षापूर्वी नवऱ्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी आम्ही ते कॉफीवर ढकललं, मग थंडीवर, मग त्याच्या ऑफिसातल्या नव्या मॅनेजरवर. शेवटी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की हा पार्किन्सन्स आहे, औषधं आहेत, पण बरा होणारा आजार नाही. घरी येताना बसमध्ये तो म्हणाला, "चल, नाव तर कळलं." त्यानंतर ते नाव आम्ही घरात कधी उच्चारलं नाही. 'हाताचं' असं म्हणतो. आज हाताचं कसं आहे, हाताचं औषध घेतलं का. तो एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, तिथले दिवस त्याने कमी करून घेतले. शर्टाची बटणं मी लावतेय हे दिसू नये म्हणून टी-शर्ट घालायला लागला. गाडी चालवणं माझ्याकडे आलं. कांदा चिरणं माझ्याकडे आलं. एकेक गोष्ट अशी काही न बोलता माझ्याकडे येत गेली. त्याची एकट्याची म्हणून उरली होती ती बिअर. ती पण गेली तर ह्या माणसाकडे काय उरेल, ह्याची मला फार भीती वाटत होती. त्यालाही वाटत असणार, पण विचारायचं कुणी?

त्याची जुनी केटल बुडात कॉइल असलेली होती, आणि ती मी जाळली. हे आत्ताच कबूल करून टाकते.

आमच्या मंडळाचा गणपती दरवर्षी एका भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. ह्या वर्षी तिथल्या किचनमधली शेगडी बंद होती आणि शंभर माणसांचा चहा करायचा होता. मीच पुढे होऊन म्हटलं, आमच्याकडे तीस लिटरचं विजेचं भांडं आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. नवऱ्याने केटल घासून-पुसून दिली आणि झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलं, 'फक्त पाणी'. लिहिताना अक्षर लहान-लहान होत गेलं होतं. ते त्या आजारात होतंच. "पाणी उकळ, पावडर टाक, दूध वेगळं ठेव," हे त्याने मला तीनदा बजावलं.

किचनमध्ये मंडळातल्या एक बाई डोकावल्या. भांड्याकडे बघून म्हणाल्या, "हे तेच ना हो, बिअरचं?"

"तेच. तीन पाण्यांनी धुतलंय."

"बाप्पाला चालेल का पण?"

"बाप्पाचा प्रसाद वेगळ्या पातेल्यात आहे. हा माणसांचा चहा आहे."

त्यावर त्या गेल्या, पण जरा वेळाने परत आल्या आणि त्यांनी वर्मावर बोट ठेवलं. "दूध वरून घालणार? अहो, पाहुण्यांना काय तो डिप-डिप चहा पाजणार का?"

आता बघा, आमच्या मंडळात पुण्याचे आहेत, मुंबईचे आहेत, नागपूरचे आहेत. अथर्वशीर्ष किती वेळा म्हणायचं ह्यावरसुद्धा त्यांचं एकमत होत नाही. पण दूध घालून उकळला नाही तर तो चहाच नव्हे, ह्यावर सगळे एक आहेत, आणि मीही त्यांच्यातलीच. मी 'फक्त पाणी' ही पट्टी वाचली, झाकण उचललं आणि सहा लिटर दूध, साखर आणि किसलेलं आलं त्यात ओतलं.

दूध खाली लागलं. बुडातली कॉइल दिसत नाही. दिसतं ते वरचं सपाट बूड, आणि त्यावर दूध बसलं की करपायला वेळ लागत नाही. करपलेला थर जाड झाला की उष्णता वर जात नाही, आणि भांडं खालून तापून लाल होऊ नये म्हणून आतला एक स्विच आपोआप बंद होतो. तळाशी लहानसं बटण असतं, ते दाबलं की परत सुरू. मी दाबलं. दहा मिनिटांनी परत बंद. परत दाबलं. मशीन बंद पडतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं, हे वाक्य मी कारखान्यात नव्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते माझी नक्कल करतात. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा आतून टक् असा आवाज आला आणि आल्याच्या वासात करपट वास मिसळला.

बाहेर आरती सुरू होती. मी किचनच्या दारातून पाहिलं, तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. दरवर्षी झांज त्याच्याकडे असायची. ह्या वर्षी कुणीतरी ती त्याच्यापुढे धरली होती आणि त्याने मानेनेच नको म्हटलं होतं. मला त्या क्षणी त्याला जाऊन काहीच सांगायची हिंमत झाली नाही. आरती संपल्यावर तोच आत आला. झाकण उचलून वास घेतला.

"दूध घातलं."

"घातलं."

"बटण किती वेळा दाबलं?"

"तीनदा."

त्याने झाकण परत ठेवलं. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, ते अंगठ्याने दाबून बसवलं. पुढे कित्येक दिवस मला ते दिसत राहिलं.

घरी आणून त्याने केटल उलटी केली, खालचं झाकण खोललं. कॉइल बुडाला चिकटवूनच टाकलेली होती. सुटी करायची सोयच नव्हती. सगळं भांडं धडधाकट, बाहेरून चेहरा दिसेल इतकं लख्ख, आणि पोटातली एक कॉइल गेली म्हणून अख्खं कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर न्यायचं. त्याच्यातला नागपूरकर ह्याला तयार होईना. त्याच्या लहानपणी घरात एकच कूलर होता आणि तो त्याच्या वडिलांनी वीस उन्हाळे चालवला. दर मार्चमध्ये वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, कधी पंप बदलायचा, एकदा मोटर, एकदा पत्र्याचं बूडसुद्धा. "शेवटी त्यात जुनं काय उरलं होतं?" मी एकदा विचारलं होतं. "कूलर," तो म्हणाला होता.

तर मग नवी केटल घ्यायची आणि ती बदलता येणाऱ्या कॉइलची, हे त्याने ठरवून टाकलं. मी विरोधात उभी राहिले, आणि माझे मुद्दे चांगले होते. बुडात कॉइल असली की भांड्याला भोक नाही, भोक नाही म्हणून नट नाही, वायसर नाही, गळती नाही. आतून सपाट, फडक्याने पुसलं की झालं. प्लग लावा, बटण दाबा. सुटी कॉइल आत वेटोळी होऊन बसते, तिच्या फटींत चोथा अडकतो, आमच्या इथल्या पाण्याचा पांढरा क्षार तिच्यावर चढतो. "चढू दे," तो म्हणायचा, "काढायची, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवायची, परत लावायची. जळली तर नवी. भांडं जन्मभर." वर टोला मारायचा, "आणि तू परत चहा केला तरी भांडं वाचेल."

माझं खरं उत्तर होतं ते मी गिळत होते. काढायची आणि परत लावायची, हे करणार कोण? पाना धरायला पकड लागते आणि ती पकड आता राहिलेली नाही, हे वाक्य रोज माझ्या जिभेवर यायचं. त्याऐवजी मी म्हणायचे, "वायसर गळतात रे." तो म्हणायचा, "चांगले घेतले तर नाही गळत." असं आम्ही वायसरवर बोलत राहायचो. आता कुणी म्हणेल, ह्यात मोठा अर्थ आहे, शरीराचंही असंच असतं, काही गोष्टी बदलता येतात आणि काही नाही. मला असल्या अर्थांचा राग येतो. त्या गॅरेजमध्ये अर्थ वगैरे काही नव्हता. एक माणूस होता आणि त्याला नट आवळता येणार नव्हता.

आमची मुलगी कार्डिफला असते, तिथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मी तिला फोन लावला, म्हटलं, हिचं तरी ऐकेल.

"आई, सीरियसली, जस्ट गेट द बिल्ट-इन वन," ती म्हणाली. "बाबाचा ग्रिप वीक होतोय. नट-बिट त्याला नाही जमणार."

"हेच तू त्याला सांग."

"मी? नो वे! तू सांग ना. यू आर हिज वाइफ."

"तू फिजिओ आहेस. तुला रोज सांगायची सवय आहे."

"पेशंटला सांगते, आई. बाबाला नाही."

मग मी फोन त्याच्याकडे दिला. पलीकडून ती म्हणाली, "बाबा, तुला जो पाहिजे तो घे. इट्स युअर हॉबी." तो माझ्याकडे बघून विजयी हसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तशी तयार केटल घेतली असती तर भोक तरी कारखान्यात पाडलेलं मिळालं असतं. पण तसं केलं तर आम्ही आम्ही कसले? कामासाठी लंडनला गेलो होतो, येताना त्याने ईलिंगकडे गाडी वळवायला लावली. लंडनच्या त्या भागातल्या एका भारतीय भांड्यांच्या दुकानात लग्नाकार्याची मोठाली पातेली टांगलेली असतात. त्याने चाळीस लिटरचं एक पातेलं खाली काढायला लावलं, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला, बूड दाबून पाहिलं. ब्रिस्टलपर्यंत ते मागच्या सीटवर पट्टा लावून आलं. कॉइल त्याने इंटरनेटवरून मागवली. ती आली तेव्हा मला हसू आलं. पुण्यात लेडीज हॉस्टेलवर आम्ही बादलीत रॉड सोडून आंघोळीचं पाणी तापवायचो, त्याच रॉडची ही इंग्लंडमधली सुशिक्षित बहीण. आतून वेटोळं, मध्ये जाड वायसर, बाहेरून मोठा नट, मागे प्लग. पातेल्याला बुडापासून चार बोटं वर एक गोल भोक पाडायचं आणि त्यात ही बसवायची, एवढंच काम होतं.

भोक त्याने ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पाडलं. आमच्या किचनची खिडकी गॅरेजच्या समोर येते आणि गॅरेजचं दार उघडं होतं. मी भांडी घासत होते. त्याने पेन्सिलने खूण केली, लहान भोक पाडलं, मग ड्रिलला ते दातेरी वाटीसारखं कटर लावलं. स्टीलवर पाणी शिंपडत शिंपडत हळूहळू फिरवायचं असतं ते. आवाज बराच वेळ सारखा येत होता. मग एकदम तो बदलला, कटर सरकलं आणि तो किरकिराट मला दातांत जाणवला. त्याने ड्रिल बंद केलं, उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला आणि तसाच उभा राहिला. मी ओली ताटली हातात धरून उभी होते. मधे पाच-सहा पावलं होती. गेले असते तर तुला जमत नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं. नाही गेले तर त्याला असं उभं राहिलेलं बघत बसायचं. इकडे आड तिकडे विहीर. मी नळ मोठा सोडला आणि तीच ताटली पुन्हा घासायला घेतली.

शेवटी भोक पडलं. त्याने कॉइल बसवली, पातेल्यात पाणी भरलं, नटाखाली कोरडा कागद ठेवला. कागद भिजला. पाणी ओतून टाकलं, परत खोललं, परत आवळलं. कागद परत भिजला. पुढच्या शनिवारी त्याने जास्त जाड वायसर आणला, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन वायसर लावले. दर वेळी मी खिडकीत. त्याचा डावा हात पातेल्याच्या आत कॉइल धरून आणि उजवा बाहेर पाना धरून, त्या भल्यामोठ्या पातेल्याला मिठी मारल्यासारखा तो वाकलेला असायचा. पाना निसटून जमिनीवर पडल्याचा आवाज यायचा. तीन शनिवारांत मी तो आवाज किती वेळा ऐकला हे मोजलं नाही, नाहीतर मी सगळं मोजते.

तिसऱ्या रविवारी तो दुपारचा झोपला असताना मी माझा मोजायचा व्हर्नियर घेऊन गॅरेजमध्ये गेले. नट सैलच होता, कॉइल बाहेर काढली. भोक एका बाजूने चाळीस मिलिमीटर भरलं आणि आडव्या बाजूने साडेएक्केचाळीस. जिथे कटर सरकलं होतं तिथे कडेला एक चावा होता, बोट फिरवलं की लागायचा. वायसर कुठलाही लावा, कितीही आवळा, पाणी तिथून येणारच. कारखान्यात असा पार्ट आला असता तर मी अर्ध्या मिनिटात लाल लेबल लावलं असतं आणि चहाला गेले असते. इथे मी पातेलं जसं होतं तसं परत ठेवलं, पान्याची दिशासुद्धा होती तशी ठेवली, आणि घरात येऊन भात लावला. त्याला सांगितलं नाही. आपल्याला खरं माहीत आहे आणि ते समोरच्याच्या काही म्हणजे काही कामाचं नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी बुडात कॉइल असलेली केटल मागवली. त्याला न विचारता. म्हटलं, भांडेल, भांडू दे. दोन दिवस चिडेल, मग तिसऱ्या शनिवारी बिअर तरी करेल. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. हट्टी माणसांशी भांडायचा मला चांगला सराव आहे. ह्याच्याबद्दल तर माझ्या सासूबाईच म्हणायच्या, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

शुक्रवारी खोकं आलं. शनिवारी सकाळी मी ते किचनच्या टेबलावर ठेवलं, कात्रीने पट्टी कापली, केटल बाहेर काढली. तो समोर बसला होता. त्याने आत डोकावून बघितलं, बुडावरून हात फिरवला, माहितीपुस्तकाचं पहिलं पान वाचलं.

"बरं केलं," तो म्हणाला.

मी थांबले. पुढे काहीतरी येईल म्हणून थांबले. त्याने पुस्तिका मिटून ठेवली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला.

माझा संताप झाला. "बरं काय केलं? भांड ना! सव्वा महिना माझं डोकं खाल्लंस. जळली तर अख्खं भांडं फेकावं लागेल म्हणालास. आता काय झालं?"

"कुठे काय झालं? चांगली आहे. ह्याच्यात नट नाही, वायसर नाही. कोणी धरायला नको, कोणी आवळायला नको."

"तेच तर मी सांगत होते."

"तेच मला नको होतं." कप खाली ठेवताना बशीवर वाजला. तो थकला की त्याच्या बोलण्यात नागपूर येतं, तसं आलं. "त्या दुसऱ्याला दोन माणसं लागतात. एकाने आतून कॉइल धरायची, नाहीतर नटासोबत तीपण फिरते. एकाने बाहेरून आवळायचं. आधी मी एकट्याने केलं असतं. आता नाही होत माझ्याच्याने." दीड वर्षात हे त्याने पहिल्यांदा बोलून दाखवलं. "तू खिडकीत उभी राहायची. मला दिसत होती. मला वाटून राहिलं होतं, आता येईल. आता येईल."

मी त्याचा मान राखत होते, असं मी स्वतःला सांगत आले होते. तीन शनिवार मी त्या खिडकीत उभी राहून त्याचा मान राखला होता.

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू काऊन नाही आली?"

रस्त्यावरून कौन्सिलची कचऱ्याची गाडी गेली. मग मी उठले, स्वेटर काढला आणि बाह्या वर केल्या. तो माझ्या मागून आला.

गॅरेजमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. पातेलं बाकावर आडवं करून मी दोन्ही हात आत घातले आणि कॉइलची वेटोळी घट्ट धरली. त्याने बाहेरून पाना लावला. त्याचा चेहरा मला पातेल्याच्या काठावरून अर्धाच दिसत होता. तो आवळायला लागला की कॉइल माझ्या हातात फिरू पाहायची आणि मी ती फिरू द्यायची नाही, असं ते काम होतं. आवळताना त्याचा हात थरथरत नव्हता. पाव फेरा झाला की दम घ्यायला तो थांबायचा, पाना नटावरच असायचा, आणि मग ते सुरू व्हायचं. पान्यातून नटात, नटातून कॉइलमध्ये, कॉइलमधून माझ्या तळव्यांत. बारीक, सारखं, न थांबणारं. दीड वर्ष मी ते फक्त डोळ्यांनी बघत होते. जेवताना बघायचे, टीव्हीसमोर बघायचे, आणि बघितलं नाही असं दाखवायचे. हातांना ते इतकं जोरदार लागेल हे मला माहीत नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"झालं," तो म्हणाला.

पातेलं उभं केलं, पाणी भरलं, कागद ठेवला. दोघंही वाकून बघत राहिलो. नटाच्या खालच्या बाजूला ओल धरली, तिचा थेंब झाला, थोडा वेळ लोंबला आणि पडला. त्याने पाणी ओतून दिलं. आम्ही परत खोललं, वायसर पुसून बसवला, परत आवळलं. परत थेंब पडला. त्याने पाना परत उचलला.

आता मला राहवेना. सगळं आयुष्य मी हेच सांगायचा पगार घेतलाय. "भोक गोल नाहीये रे," मी म्हटलं. "मी मोजलंय. दीड मिलिमीटरचा फरक आहे. कितीही आवळलं तरी गळणार."

त्याने नटाकडेच बघत पाना त्यावर बसवला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तू धर."

मी धरलं.